शिडाची बोट यवतमाळला आणायची? मॅपला रस्ता माहीत आहे, तुमची उंची नाही

गेल्या महिन्यात गावाकडच्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. मुंबईत विकायला असलेली एक जुनी शिडाची बोट, जे/२४ नावाच्या प्रकारची. फोटोखाली एकच प्रश्न: "घरी आणून दुरुस्त केली तर? जिनिंगचं जुनं गोडाऊन रिकामंच आहे."

बोट अन् यवतमाळात? सगळ्यात जवळचा समुद्र साडेसहाशे किलोमीटरवर. मी आधी हसलो, मग कॅल्क्युलेटर उघडला, आणि तो आख्खा रविवार त्यातच गेला. बोट रस्त्याने नेणं हा अर्धा डेटाचा प्रश्न आहे हे लक्षात आलं. ज्या दोन-तीन आकड्यांवर सगळं अडतं, ते आपल्या फोनमधल्या कुठल्याच लोकप्रिय मॅपला माहीत नसतात. हा लेख त्या आकड्यांबद्दल आहे. तुम्हाला बोट कधीच आणायची नसेल, तरी उंच डेकोरेशनचा ट्रॉला, हार्वेस्टर किंवा दुर्गोत्सवाची मोठी मूर्ती हलवताना हेच गणित लागतं. यवतमाळकरांना मूर्तींचं वेगळं सांगायला नको.

आधी बोट कोणती ते ठरवू

शिडाच्या सगळ्या बोटी सारख्या नसतात. लहान मुलं शिकतात ती ऑप्टिमिस्ट २.३ मीटर लांब आणि नुसता सांगाडा ३५ किलोचा. दोघांनी उचलून टेम्पोत टाकायची. एकट्याने चालवायची लेझर, जिला आता इल्का म्हणतात, ४.२३ मीटर लांब आणि साधारण ५९ किलो. अशा बोटी ट्रेलरवर एकावर एक रचून स्पर्धांना नेतात. भोपाळचा मोठा तलाव आणि हैदराबादचा हुसेनसागर ही देशातली शिडाच्या बोटींची दोन मोठी ठिकाणं, दोन्ही समुद्रापासून लांब. या दोघांमधला सरळ रस्ता नागपूरवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून आपल्या वडकी-पांढरकवड्यातूनच जातो. म्हणजे जिल्ह्यातून बोट जाणं हे वाटतं तितकं अजब नाही.

दुसऱ्या टोकाला 'म्हादेई'. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि असं करणारे पहिले भारतीय ठरले, ती ५६ फुटी बोट. ती गोव्यात दिवाडी बेटावरच्या शिपयार्डमध्ये बांधली गेली, म्हणजे नदीच्या काठावरच. एवढ्या बोटी पाण्याजवळ बांधतात आणि पाण्याजवळच दुरुस्त करतात. त्या यवतमाळला आणायचा विचारही करू नये.

मित्राची जे/२४ नेमकी या दोघांच्या मध्ये पडते. लांबी ७.३२ मीटर, वजन सुमारे १,४०० किलो. मोठ्या एसयूव्हीपेक्षा हलकीच. पण रुंदी २.७१ मीटर. हा आकडा लक्षात ठेवा.

११ सेंटिमीटरची किंमत

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत हवी. ट्रकची उंची मालासकट साधारण ४ मीटर, आणि साध्या, न जोडलेल्या ट्रकची लांबी १२ मीटर. लांबीत आपण आरामात बसतो. रुंदीत ११ सेंटिमीटरने मार खातो.

११ सेंटिमीटर म्हणजे काय, एक हातभरसुद्धा नाही. कापसाच्या सीझनला आपल्याकडे ट्रकच्या दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा कापूस बाहेर आलेला दिसतो, त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. मित्रही हेच म्हणाला. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे, आणि वर माल उतरवण्याचा खर्चही तुमचाच. कापूस उतरवता येतो. बोट वर्ध्याजवळ रस्त्याच्या कडेला कशी उतरवणार? त्यासाठी हायड्रा क्रेन, बेल्ट, खाली ठेवायला टेकू, सगळंच लागतं.

परवानगी घेतलेली असेल तर हे कलम लागत नाही. ट्रान्सपोर्टवाले याला 'ओडीसी' म्हणतात, म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा मोठा माल. राष्ट्रीय महामार्गांसाठी रस्ते वाहतूक मंत्रालयाची ऑनलाइन परवानगीची सोय आहे. राज्याच्या रस्त्यांसाठी सार्वजनिक बांधकाम विभाग आणि समृद्धीसाठी एमएसआरडीसी, असे वेगळे दरवाजे. जे/२४ अडचणीची आहे ती म्हणूनच. वजनाने किरकोळ, पण ११ सेंटिमीटरमुळे कागदपत्रात ती एकदम अवजड यंत्रांच्या रांगेत जाऊन बसते.

"मग थोडी तिरपी ठेवू," असं इंजिनिअर माणसाच्या डोक्यात येतंच. माझ्याही आलं. रुंदी गुणिले कोसाइन, १७ अंशाला २.५९ मीटर, झालं काम! कागदावर बरोबर, पण बोट म्हणजे पत्र्याची शीट नाही. तिरपी केली की एक बाजू वर जाते, उंची वाढते, आणि पोटाखालची कील बाहेर येते. ती कील म्हणजेच पुढची भानगड.

बोट उभी कशावर राहते

शिडावर वारा बसला की बोट कलंडायला बघते. ती कलंडू नये म्हणून खाली एक जड पंख असतो, त्याला कील म्हणतात. जे/२४ च्या कीलमध्ये सुमारे ४३० किलो वजन भरलेलं असतं, आणि पाण्याखाली बोट १.२२ मीटर खोल जाते ती मुख्यतः या कीलमुळे.

पाण्यात बोटीला सगळीकडून आधार असतो. ट्रेलरवर तो नसतो. नियम सोपा आहे: सगळं वजन कीलवर द्यायचं, आणि बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. आपले फॅब्रिकेटर लोक उलटं करतात. त्यांना पोटाखाली पाळण्यासारखे चार जाड टेकू देऊन त्यावर वजन घ्यावंसं वाटतं, कारण लोखंडी टाकी तशीच ठेवतात. फायबरची पातळ भिंत एका जागी दाबली गेली की आत वाकते, आणि खड्ड्यात आदळल्यावर तिथे तडा जातो. दुरुस्तीला आणलेली बोट आणखी मोडून घरी पोचवायची असेल तर हा खात्रीचा मार्ग.

आता उंची. कीलच्या तळापासून केबिनच्या टपापर्यंत साधारण २.५ मीटर धरू. खाली लाकडी फळी १० सेंटिमीटर. साध्या ट्रकचा पाटा जमिनीपासून १.४ मीटरच्या आसपास. बेरीज ४.० मीटर, म्हणजे बरोबर मर्यादेच्या रेषेवर. त्यात डोलकाठी उतरवून टपावर आडवी बांधली की रेषेच्या वर. लो-बेड ट्रेलरचा पाटा एक मीटरच्या आसपास असतो, तिथे बेरीज ३.६ वर येते. ही ४० सेंटिमीटर पुढे किती मोलाची ठरतात ते बघा. माझं मत स्पष्ट आहे: भाड्यात काही हजार वाचवण्यासाठी साधा ट्रक घेऊ नका.

डोलकाठी नऊ मीटरच्या आसपास लांब, बोटीपेक्षाही मोठी. ती ट्रेलरच्या पाट्यावर बाजूला, खाली, कापडात गुंडाळून ठेवायची. टपावर नको.

मोजायचं कशाने? फोनमधलं एआर माप घरातल्या सोफ्यासाठी ठीक आहे, इथे नाही. जीपीएसच्या उंचीवर तर अजिबात विसंबू नका, त्यात कित्येक मीटरचा फरक येतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. नळीचं एक टोक बोटीच्या सगळ्यात उंच जागी, दुसरं बाजूला उभ्या केलेल्या पट्टीजवळ. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, आणि पट्टीवर उंची सरळ वाचता येते. शंभर रुपयांचं साधन, चूक एखाद-दोन सेंटिमीटरची. आणि मोजायचं ते लोड झाल्यावर, पट्टे आवळल्यावर, सपाट जागी. कागदावरची बेरीज फक्त ट्रेलर निवडण्यापुरती.

मॅप काय करतो आणि काय करत नाही

आता माझ्या धंद्यातला भाग. नेव्हिगेशन ॲपसाठी रस्ते म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. चौक म्हणजे ठिपका, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे रेषा. प्रत्येक रेषेला एक किंमत असते, बहुतेक वेळा लागणारा वेळ. ॲप कमीत कमी बेरजेचा मार्ग शोधतं. डायक्स्ट्राचा अल्गोरिदम कॉलेजात केला असेल, मूळ कल्पना तीच.

ट्रकसाठी यात एक पायरी वाढते: शोधण्याआधी ज्या रेषांवर तुमची गाडी बसत नाही त्या खोडून टाकायच्या. पुलाखालची मोकळी उंची ३.८ आणि तुमची गाडी ४.० असेल, तर ती रेषा नाहीच असं धरायचं. गुगल मॅप्सच्या रोजच्या ॲपमध्ये बाइक, कार, बस असे पर्याय आहेत, पण गाडीची उंची टाकायची जागाच नाही. त्याने दाखवलेला निळा रस्ता कारसाठी आहे. बोट ओढणाऱ्या ट्रेलरसाठी तो फक्त एक अंदाज.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणाऱ्या 'ऑस्मअँड' ॲपमध्ये गाडीची उंची, रुंदी, वजन टाकता येतं. हे ऐकून मित्र खूश झाला. इथेच खरी मेख आहे.

ॲप तीच रेषा खोडतं जिच्यावर उंचीची नोंद आहे. नोंद नसेल तर? तर ते रस्ता मोकळा धरतं. प्रोग्रामिंगच्या भाषेत, रिकामी जागा म्हणजे 'मर्यादा नाही' असा अर्थ लावला जातो, आणि खरा अर्थ असतो 'कुणी मोजलंच नाही'. मोठ्या शहरांबाहेर अशा रिकाम्या जागा पुष्कळ सापडतात. ॲपने हिरवा कंदील दिला याचा अर्थ रस्ता तपासला असा नाही. एवढं एक वाक्य जरी तुम्ही लक्षात ठेवलंत तरी हा लेख लिहिल्याचं सार्थक.

डिसेंबर २०२३ मध्ये बिहारमध्ये मोतिहारीला एका विमानाचा सांगाडा उड्डाणपुलाखाली अडकलेला फोटो सगळ्यांनी शेअर केला होता. मुंबईहून आसामकडे रस्त्याने निघालेलं भंगारातलं विमान. लोक हसले. पण विचार करा, मुंबई ते मोतिहारी कितीतरी पूल पार झाले होते. अडवायला एकच पुरतो.

याच्या उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातूनच निघालेलं. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठीचं सत्तर टनांचं ऑटोक्लेव्ह जुलै २०१९ मध्ये ७४ चाकांच्या ट्रकवर निघालं आणि जुलै २०२० मध्ये पोचलं. एक वर्ष! मध्ये लॉकडाऊनही आला. वाटेत विजेच्या तारा बाजूला करणं, फांद्या छाटणं, रस्ता दुरुस्त करणं असं सगळं करत ते गेलं. तिथे निळी रेषा नव्हती, पुढे जाऊन रस्ता बघणारी माणसं होती.

रेकी: बाइक, फोन आणि लेझर मीटर

मुंबईहून यवतमाळला येताना समृद्धीने धामणगावपर्यंत, आणि तिथून बाभूळगावमार्गे यवतमाळ, हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला. त्यावरच्या पुलांच्या उंचीची काळजी ४ मीटरच्या मालाला नाही. काळजी आहे ती दोन टोकांची: मुंबईत बोटीच्या यार्डपासून महामार्गापर्यंत, आणि इकडे धामणगावपासून गोडाऊनच्या दारापर्यंत. समृद्धीवर बाइकला बंदीच आहे, त्यामुळे रेकी म्हणजे ही दोन टोकं.

रेकीत काय बघायचं? कमानी, पूल, फाटकं, झाडं, तारा, आणि वळणं. प्रत्येक जागी थांबून फोटो घ्या, लोकेशन चालू ठेवून. गुगलच्याच 'माय मॅप्स'मध्ये हे फोटो-ठिपके टाकले की ड्रायव्हरला पाठवता येणारा तुमचा स्वतःचा नकाशा तयार होतो.

पुलाखाली लेझर मीटर रस्त्यावर ठेवून वर रोखायचा. कडेला आणि मध्ये दोन्हीकडे मोजा, जो आकडा कमी तो खरा. पाटीवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. पाटी लावल्यानंतर रस्त्यावर दोन वेळा डांबर चढलं असेल, तर खालून जमीन वर आलेली असते आणि पाटी तिथेच.

रस्ता पुलाखाली खोलगट असेल तर आणखी एक गंमत आहे. लांब ट्रेलरची पुढची चाकं चढाला लागलेली आणि मागची अजून उतारावर, अशा वेळी मधला पाटा खड्ड्याच्या तळापासून जास्त उंच लोंबत राहतो. तुम्ही ३.६ मोजलेलं तिथे काही सेंटिमीटर जास्त भरतं. उंचवट्यावर उलटं होतं, लो-बेडचं पोट घासतं. म्हणून नुसतं 'बसतंय' पुरत नाही, हातभर मोकळी जागा हवी.

विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गाच्या फाटकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी आडवी पट्टी असते, हाइट गेज. ती साधारण ४.६७ मीटरवर लावतात. तिच्याखालून जाता येत नसेल तर पुढे ओव्हरहेड तार आहे, ज्यात २५ हजार व्होल्ट असतात. त्या पट्टीला घासत जायचा प्रयत्न करू नये एवढंच.

रेकीत मिळालेले आकडे फक्त स्वतःकडे ठेवू नका. अँड्रॉइडवर 'स्ट्रीटकंप्लीट' नावाचं ॲप आहे. तुम्ही रस्त्यावर उभे असताना ते जवळच्या गोष्टींबद्दल सोपे प्रश्न विचारतं, त्यात उंचीच्या मर्यादेचाही प्रश्न असतो. पाटीवरचा आकडा टाकला की तो ओपनस्ट्रीटमॅपवर जातो. पुढच्या माणसाच्या ॲपमध्ये ती रिकामी जागा रिकामी राहत नाही.

शेवटचे पाच किलोमीटर

सगळ्यात धोक्याचा भाग महामार्ग नाही. गाव आलं की तारा खाली येतात.

नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी घरगुती दाबाची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि ११ हजार व्होल्टची ६.१ मीटर हवी. पण रस्ता सोडून शेतातून, आवारातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेला ४.६ मीटर चालतात. मित्राचं गोडाऊन रस्त्यापासून आत आहे. म्हणजे नियम तंतोतंत पाळलेला असला तरी आवारात ४.६ मीटरवर तार असू शकते. शिवाय तार गरम झाली की लांबते आणि लोंबते. मे महिन्यात दुपारी तीनला बघितलेली तार आणि सकाळी सहाला बघितलेली तार यांच्या उंचीत फरक असतो. रेकी सकाळच्या गारव्यात केली आणि बोट दुपारी आणली, तर तुमचा आकडा चुकीचा.

४.६ वजा ४.० म्हणजे ६० सेंटिमीटर. ट्रक खालून निघून जाईल. पण आपल्याकडे असा माल येतो तेव्हा काय होतं? एक पोरगा वर चढतो. हातात बांबू, तारा उचलून देतो, खाली सगळे "चल, चल, आन्दे" ओरडतात. मूर्तींच्या मिरवणुकीत, डीजेच्या गाड्यांवर आपण सगळ्यांनी हे पाहिलंय, आणि दरवर्षी त्याच्या बातम्याही वाचतो. चार मीटरवर उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं साडेपाच मीटरच्या वर जातं. ११ हजार व्होल्टला स्पर्श व्हायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. ओला किंवा मळका बांबू वीज वाहून नेतो.

त्यामुळे मी मित्राला एक अट घातली: बोटीवर चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही नाही. जिथे तार कमी वाटते तिथे महावितरणच्या उपविभागात आधी अर्ज करून तेवढ्या वेळापुरता पुरवठा बंद करून घ्यायचा आणि लाइनमन समोर असताना गाडी काढायची. हे ऐकायला कटकटीचं वाटतं. एका दिवसाचं काम आहे.

दुसरी अट डोलकाठीची. दुरुस्तीनंतर "एकदा उभी करून बघू" असा मोह होणार. अ‍ॅल्युमिनियमची नऊ मीटरची काठी बोटीवर उभी केली की टोक जमिनीपासून दहा मीटरच्या वर जातं. ते काम मुंबईच्या यार्डातच.

प्रवासात फोनचा उपयोग

कागदपत्रांत ई-वे बिलाचा प्रश्न येतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मालाची किंमत १ लाखाच्या वर असेल तर ते लागतं, आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसालाही पोर्टलवर 'सिटिझन' पर्यायातून ते काढता येतं. खरेदीची पावती जवळ ठेवा. ट्रान्झिट विमा घ्या, आणि लोड करायच्या आधी बोटीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, तारखेसह. जुन्या बोटीला आधीच ओरखडे असतात. नवा कोणता हे नंतर सिद्ध करता येत नाही.

पट्टे किती लावायचे याचा एक ठोकताळा: जोरात ब्रेक लागला तर माल स्वतःच्या वजनाच्या ०.८ पट जोराने पुढे जाऊ बघतो, वळणावर ०.५ पट बाजूला. १,४०० किलोला ०.८ ने गुणलं तर ११०० किलोपेक्षा जास्त जोर पुढच्या दिशेने. म्हणून पुढे-मागे वेगळे पट्टे आणि बाजूचे वेगळे. दोरखंड नको, रॅचेटचे पट्टे घ्या आणि कडेला जिथे घासतात तिथे जुन्या गालिच्याचा तुकडा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे परत आवळा. ते सैल झालेले असणारच.

जुना फोन असेल तर आत ठेवून 'फायफॉक्स' ॲपने धक्के रेकॉर्ड करता येतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं मोफत ॲप आहे, फोनच्या अ‍ॅक्सेलरोमीटरचे आकडे सरळ फाइलमध्ये देतं. कुठल्या किलोमीटरला मोठा धक्का बसला ते नंतर कळतं आणि तडा शोधायला तिथून सुरुवात करता येते. फक्त उन्हाळ्यात बंद बोटीत फोन ठेवू नका, आत भट्टी असते. रात्रीच्या प्रवासापुरता ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त ८ तास चालतं आणि ट्रेलरला दोन दिवस लागतील, तेव्हा ड्रायव्हरला ते परत चालू करायची आठवण द्यावी लागते. टोलवर फास्टॅगमधून पैसे कापल्याचा मेसेज हा माझ्या मते जास्त भरवशाचा ट्रॅकर.

पण मुळात यवतमाळच का

इतकी उठाठेव करून फायदा काय, हा प्रश्न रास्त आहे. दुरुस्ती म्हणजे दोन दिवसांचं काम असतं तर मी नकोच म्हणालो असतो. जे/२४ ची अडचण अशी की तिच्या सांगाड्यात आणि डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड भरलेलं असतं. वर्षानुवर्षं स्क्रूच्या भोकांतून पाणी आत गेलं की ते लाकूड स्पंज होतं. हे पाणी बाहेर काढायला कुठलंही केमिकल नाही. वरचा थर कापून उघडायचा आणि वाळू द्यायचं, आठवडेच्या आठवडे.

मुंबईच्या दमट हवेत हे वाळणं रडतखडत चालतं. मार्च ते मे यवतमाळची हवा कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. धुतलेली जीन्स तासाभरात कडक होते. बोट वाळवायला आपला उन्हाळा म्हणजे फुकटचा ओव्हन. शिवाय पाण्याच्या टाक्या, कूलर बनवणारे फायबरचे कारागीर जिल्ह्यात आहेत, ट्रॉली बनवणारे फॅब्रिकेटर आहेत, आणि रोज संध्याकाळी काम संपल्यावर गोडाऊनवर जाऊन दोन तास घासणं मित्राला जमणार आहे. मुंबईत राहून ते जमलं नसतं.

उन्हाळ्याचा तोटाही आहे. रेझिन आणि हार्डनर मिसळले की घट्ट व्हायला जो वेळ मिळतो, तो तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मा होतो. २५ अंशांना वीस मिनिटं मिळत असतील तर ४५ ला पाचच्या आसपास. डबा हातात असतानाच गरम होऊन धूर निघू शकतो. म्हणून वाळवणं दुपारी आणि रेझिनचं काम पहाटे, थोडं-थोडं मिसळून.

आणि पाऊस यायच्या आत डेक बंद झालाच पाहिजे. मुंबईत पावसाळ्यात शिडाच्या बोटी पाण्याबाहेरच काढून ठेवतात, त्यामुळे बरेच जण मेअखेरीस बोट हलवायचा विचार करतात. आपल्यासाठी ते उशिराचं आहे, जूनच्या मध्यात आपल्याकडेही ढग येतात. बोट फेब्रुवारीत आली पाहिजे, म्हणजे कोरडे साडेतीन महिने हातात येतात.

मित्राने अजून बोट घेतलेली नाही. आधी मुंबईला जाऊन डेकवर प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकून बघणार आहे. टणक आवाज आला तर लाकूड कोरडं, भदभद आला तर ओलं. भदभद अर्ध्याहून जास्त जागी आला तर सौदा नको, असं ठरलंय. घेतलीच तर लोड करताना क्रेनचे बेल्ट बोटीला जिथे बसतात तिथे दोन्ही बाजूंनी रंगीत टेप लावून फोटो काढायचा, कारण यवतमाळच्या हायड्रावाल्याने बोट कधी उचललेली नसणार आणि त्याला तेवढीच खूण पुरेल. आत साठलेलं पाणी निघून जावं म्हणून तळाचा बूच काढून एका पिशवीत, आणि ती पिशवी सुकाणूच्या दांड्याला बांधायची. बूच न लावता बोट परत पाण्यात सोडणारे लोक आहेत.

परत नेताना उंची पुन्हा मोजायची आहे. ट्रेलर दुसरा असेल, फळी दुसरी असेल, आणि मधल्या काळात रस्त्यावर आणखी एक डांबराचा थर पडलेला असेल.